कोमट द्रावणातली काच

उल्काला तिसरा महिना लागला होता आणि नवऱ्याशिवाय, अनिरुद्धशिवाय, ते कुणालाच माहीत नव्हतं. गेल्या वर्षी सगळ्यांना सांगून झालं होतं, आणि मग एकेकाला पुन्हा फोन करून नाही म्हणून सांगावं लागलं होतं. या वेळी तिने आईलाही कळवलं नव्हतं.

अडचण होती ती प्रयोगशाळेची. पीएचडीसाठी ती प्लास्टिकच्या, साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या मण्यांवर सिलिकाचा, म्हणजे काचेच्याच जातीचा, थर चढवत होती. तापवले तर मणी वितळायचे, म्हणून सगळं कोमट द्रावणात, बेताबेताने करायचं. पण त्यातलं आम्ल जहाल. हातमोजे होते, वाफा ओढून घेणारं काचेचं कपाट होतं. तरी बाटली उचलताना तिचा हात नकळत पोटाकडे जायचा. सांगावं तर काम दुसऱ्याकडे जाईल, ही धास्ती. मग ती काहीबाही कारणं काढून प्रयोग पुढे ढकलू लागली.

शेजारच्या टेबलावर धम्मदीप काम करायचा. नागपूरहून आलेला, तिच्याच वर्षाचा, मोजकं बोलणारा. एका सकाळी त्याने काही न विचारता हातमोजे चढवले.

"आम्ल मी ओततो. तू दाराबाहेर बसून सांग."

उल्का दचकली. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. माझ्या ताईचा हातही असाच पोटाकडे जायचा."

ती प्रयोगशाळेच्या काचेच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसली आणि फोनवरून सांगत राहिली. पहिल्या खेपेला त्याने त्या जहाल आम्लात थर धरवणारं, सौम्य बोरिक आम्ल घाईने ओतलं आणि सगळ्याचा लगदा झाला. ती रागावली नाही. थेंबाथेंबाने घाल, एवढंच म्हणाली. पुढच्या आठवड्यात नमुना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर एकेका मण्यावर सिलिकाची बारीक लव उभी होती, कदंबाच्या फुलासारखी. दोघं बराच वेळ बघत राहिले.

मार्गदर्शक शर्मिलाबाईंनी विचारलं, हे कुणाचं? धम्मदीपने उल्काकडे बोट दाखवलं. तेव्हा तिला राहवलं नाही. तिने सगळं सांगून टाकलं, मागच्या वर्षीचंही.

बाई कडक म्हणून प्रसिद्ध. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"काम तुझंच आहे," त्या म्हणाल्या. "आम्ल तेवढं याचं. आणि ती खुर्ची बदल, पाठ धरेल."

त्या दिवशी उल्का लवकर निघाली. नारायण पेठेत घरी पोचेपर्यंतही तिला धीर निघेना. रस्त्याच्या कडेला थांबून तिने आईला फोन लावला. द्वारकाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी एवढंच विचारलं.

"सकाळपासून काय खाल्लंस?"

उल्का तिथेच उभ्या उभ्या रडली, आणि मग काय काय खाल्लं ते आईला सांगत बसली.