चौतिसावी पायरी

ताईंचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला तो नेमका जुन्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रूफं घरी येऊन पडली त्याच आठवड्यात. निमित्त साबणाच्या वडीचं. प्रकाशकाने फोनवर आधी हळहळ व्यक्त केली आणि त्याच दमात सांगितलं, की माणूस गुरुवारी सहाला येईल, दुरुस्त्या तयार ठेवा. हात मोडला म्हणून तारीख थोडीच मोडते!

आता दुरुस्त्या लिहायच्या कोणी? हक्काचं माणूस एकच. धाकटी बहीण, जिला लहानपणापासून सगळे मुंगीच म्हणत. मागच्या गल्लीत तिचं कपडे लहानमोठे करून देण्याचं दुकान होतं. ताई पडल्यापासून ती रोज दुपारी शटर ओढून यायची, ताईंची वेणी घालायची, दोन घास भरवायची आणि परत शिलाईला बसायची. गुरुवारी ती लाल पेन घेऊन टेबलाशी बसली. गळ्यातली मोजपट्टी काढायचं तिच्या लक्षातही नव्हतं.

"सांग," ती म्हणाली. "पण माझ्या अक्षराला नावं ठेवायची नाहीत."

ताईंना घाम फुटला. कारण त्या पुस्तकात मुंगी होती.

बावीस वर्षांपूर्वी लिहिलेली गोष्ट. ताई आणि मुंगी नावाच्या दोन बहिणी चर्चच्या मनोऱ्यावर चढतात. जिन्याला पायऱ्या तेहतीस. पण घंटा वाजत असताना चढलं तर वर चौतिसावी लागते आणि तिच्यापलीकडे एक बाग. बागेतला माळी फार बोलत नाही, त्याच्या दोन्ही तळहातांवर खिळ्यांचे जुने व्रण आहेत. तो कोण, हे संडे स्कूलच्या पोरांना वेगळं सांगावं लागत नसे. शेवटच्या प्रकरणात शेवटची घंटा वाजते. ताई चढते. मुंगी खालीच राहते, "मला काम आहे" म्हणते. पायरी नाहीशी होते, बागेचं दार लागतं आणि गोष्ट संपते.

पुस्तक घरोघरी गेलं, पोरांनी वाचून वाचून त्याच्या चिंध्या केल्या. पत्रं यायची, मुंगीचं पुढे काय झालं? ताई सगळ्यांना एकच उत्तर धाडायच्या, 'विचार करा.' स्वतः मात्र त्या विचाराला त्यांनी कधी दारात उभं केलं नाही.

कारण खरी गोष्ट निराळी होती. त्या काळात त्यांची आई अंथरुणाला खिळली होती. रविवारी ताईंचं संडे स्कूल, चर्चमधला मुलांचा वर्ग. म्हणून रविवारी सकाळी मुंगी यायची, कडेवर लेकीला घेऊन. चादर बदलायची, आईची पाठ पुसायची आणि घंटा ऐकू आली की ताईंची पर्स त्यांच्या हातात द्यायची, "जा, उशीर होईल." अशी नऊ वर्षं. चर्चच्या दारात पाळकांची बायको विचारायची, "धाकटी हल्ली दिसत नाही?" ताई सुस्कारा सोडून म्हणायच्या, "तिला कुठला वेळ!" ती आईपाशी बसली आहे म्हणून मी इथे उभी आहे, एवढं एक वाक्य काही त्यांच्या तोंडून बाहेर पडलं नाही. लोक म्हणायचे, बिचारी ताई, बहिणीसाठी किती प्रार्थना करते. ते कानाला गोड लागायचं. पुढे तोच सुस्कारा ताईंनी पुस्तकात घातला. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दाखवायला बाईंनी अख्खं प्रकरण खर्ची घातलं होतं, आणि स्वतःच्या मुसळाला अंगणभर जागा दिली होती.

मुंगीने ते वाचलं की नाही, हे बावीस वर्षांत त्यांनी विचारलं नव्हतं. खाई त्याला खवखवे.

तीन वाजल्यापासून काम चाललं. इथे स्वल्पविराम, तिथे काना राहिलाय, माळ्याची टोपली एका पानावर डाव्या हातात तर दुसऱ्यावर उजव्या. मुंगी मान खाली घालून लिहीत होती. पाच वाजता शेवटचं प्रकरण आलं, तशी ताईंनी कागदांवर आपला डावा हात ठेवला.

"हे राहू दे. माझं मी बघेन."

"बघ," मुंगी म्हणाली. "तसंही ते पान मी कधी वाचत नाही."

"कधी म्हणजे?"

"लेक लहान असताना रोज हेच पुस्तक लागायचं तिला. या पानाशी आले, की मिटून ठेवायचे आणि पुढचं तोंडी सांगायचे."

"अगं, पण ती वाचायला शिकल्यावर?"

"त्याआधीच शेवटची दोन पानं एकमेकांना शिवून टाकली होती मी. बारीक टाका घातला. पुस्तकाची शिलाई अशीच असते, म्हणून सांगितलं." मुंगीला जरा हसू आलं. "अजून तिच्याकडे तेच पुस्तक आहे. नर्स झालीय ना आता, वॉर्डातल्या पोरांना माझीच गोष्ट सांगते."

"तू काय सांगायचीस?"

"काय सांगणार? ताई वर पोचते. मागे बघते तर मुंगी नाही. ती माळ्याला म्हणते, दार लावू नका, माझी बहीण खाली राहिलीय. आणि धाडधाड सगळ्या पायऱ्या उतरते. मग दोघी मिळून मुंगीचं काम उरकतात."

"कुठलं काम?"

"कुठलं म्हणजे? चादर बदलायची. रविवार असायचा ना."

ताईंना वाटलं, याच्यापेक्षा हिने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. भाची अजून भेटली, की गळ्यात पडायची, "माझी मावशी बहिणीसाठी स्वर्गातून खाली आली होती" म्हणून मैत्रिणींना ओळख करून द्यायची. ताई तो विनोद समजून हसायच्या.

"एकदा तरी भांडायचंस माझ्याशी," त्या म्हणाल्या.

"पहिल्यांदा वाचलं तेव्हा तीन दिवस माझा एक टाका सरळ पडत नव्हता," मुंगी म्हणाली. आता ती हसत नव्हती. "वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं, ताई. पण पोरीला मावशी हवी होती. तिची मावशी कशाला हिरावून घ्यायची?"

घड्याळात साडेपाच झाले. ताईंनी डोळे पुसले, तेही धड जमलं नाही. प्लास्टरच कपाळावर आपटलं.

"शेवटचं पान काट," त्या म्हणाल्या. "सगळं. आणि लिही. ताईने मागे वळून पाहिलं."

मुंगीने लिहिलं आणि पेन थांबवलं. "कधी? 'लगेच' लिहू?"

हो म्हणणं किती सोपं होतं! मुलांना तेच आवडलं असतं, आणि मुंगीही इतकी वर्षं तेच सांगत आली होती.

"नको. 'फार उशिरा' लिही."

"तोवर पायरी राहील का?"

"नाही राहणार. ताईने उडी मारली, असं लिही. हात मोडला तरी चालेल."

मुंगी लिहीत राहिली. ताई बोलायच्या थांबल्या तरी पेन चालूच होतं. मग तिने कागद त्यांच्यापुढे सरकवला. खाली, ताईंनी न सांगितलेली एक ओळ होती, मुंगीच्या वाकड्यातिकड्या अक्षरात:

'माळी खालीच होता. पहिल्या घंटेपासून तो मुंगीजवळ बसून चादर धरत होता.'

ताईंनी ती ओळ वाचली, परत वाचली. नऊ वर्षं दर रविवारी ज्याला भेटायला म्हणून त्या घराबाहेर पडत होत्या, तो घरातच होता. त्यांनी त्या ओळीतला एक काना बदलला नाही.

दारावरची बेल वाजली. मुंगी सवयीने उठायला लागली.

"बस गं," ताई म्हणाल्या, आणि खुर्चीला धरून स्वतः उठल्या. "दार मी उघडते."