थोरलीची सही

थोरलीने स्टेथोस्कोप धाकटीच्या पाठीवर टेकवला.

"श्वास घे. सोड."

"गार आहे गं," धाकटी हसली.

खिडक्यांना काळा कागद डकवला होता, तरी खोली भाजून निघत होती. सूर्य फुगत चालला होता. या ग्रहाचे आता फार तर वीस दिवस उरले होते. शेवटचं यान दुपारी सुटणार होतं आणि त्यात पन्नाशीपुढच्या कोणालाच जागा नव्हती. डॉक्टर असलेली थोरली दोन महिने याच खुर्चीत बसून लोकांना पास करत आली होती. ती स्वतः बावन्न वर्षांची होती.

आई गेली तेव्हा धाकटी चार वर्षांची होती. तिची वेणीफणी, शाळा, आजारपणं, सगळं थोरलीनेच निस्तरलं. त्यातच स्वतःचं लग्न राहून गेलं.

काचेपलीकडे धाकटीचा नवरा आणि सहा वर्षांची मुलगी मंजुरीचे शिक्के मारलेले फॉर्म घेऊन उभे होते.

"ताई, घराची किल्ली तुझ्याकडे ठेव हं. फ्रीजमध्ये बरंच उरलंय, खाऊन टाक. उगाच वाया नको जायला."

"बरं."

"आणि रडूबिडू नकोस बाई. मला मग तिकडे करमायचं नाही."

थोरली ठोके ऐकत राहिली. स्वच्छ होते, एकसारखे. गरजेपेक्षा जास्त वेळ ऐकून तिने फॉर्म पुढे ओढला.

"काय गं?"

"हृदयाची झडप गळतेय. उड्डाणाचा ताण सोसायचा नाही तुला."

"काहीतरीच! पुन्हा बघ."

थोरलीने पुन्हा नळी लावली, डोळे मिटून घेतले.

"तेच आहे."

तिने सही केली. पहारेकऱ्याने फॉर्म वाचून काचेपलीकडे दाखवला. नवऱ्याने दोन्ही तळवे काचेला लावले. मग वळून त्याने अधिकाऱ्याला काहीतरी विचारलं. अधिकाऱ्याने मान डोलावली, तसं त्याने मुलीला कडेवर उचललं. मुलीने आईला हात केला. आई मागून येतेय, असंच बहुधा तिला सांगितलं असावं.

दुपारी भिंती थरथरल्या. ट्रेमधल्या औषधांच्या बाटल्या खणखणल्या आणि हळूहळू शांत झाल्या.

ओरडून ओरडून धाकटीचा घसा बसला होता. ती बाकावर थोरलीच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती.

"ताई."

"हं."

"दुसऱ्या कोणा डॉक्टरने सांगितलं असतं ना, तर मी ऐकलं नसतं. गळपट्टी धरली असती त्याची, पण गेले असते." तिने थोरलीचा हात शोधून घट्ट धरला. "तू होतीस म्हणून विश्वास बसला."

थोरली दुसऱ्या हाताने तिच्या केसांतून बोटं फिरवत राहिली.

"झोप जरा," ती म्हणाली.