पाचवी माळ

घट बसले त्या सकाळी इंदूने गुडघ्याच्या पुड्या डब्यात घालून फडताळावर ठेवून दिल्या. "नऊ दिस पोटात काय न्हाई," ती म्हणाली. पाणी आणि संध्याकाळी एक केळं. दर नवरात्रात ती असंच करते.

त्या पुड्या मीच आणल्या होत्या. गेल्या दिवाळीत तिला गुडघ्यांमुळे उठता येईना. पौडला स्टँडबाहेर एक जण पोतं पसरून पुड्या विकत बसला होता. झाडपाल्याचं आहे, म्हणाला. आठवड्याभरात इंदू आमच्या रिहे गावातल्या भातखाचरात वाकून काम करू लागली. पुढे तिचा चेहरा चांगला भरला. बायका म्हणायच्या, मास्तरणीला मास्तरांची पेन्शन मानवली. मलाही बरं वाटायचं.

तिसऱ्या माळेला तिला उलट्या झाल्या. चौथ्या माळेला ती अंथरुणातच होती. उपासाचा शीण असेल, असं मी धरून चाललो. पाचव्या माळेला सकाळी ओसरीवर मुलांना पाढे शिकवत होतो, तेव्हा आत ती पडल्याचा आवाज आला.

पुतण्या कैलासने गाडी काढली. वाटेत तिचा हात माझ्या हातात होता, गार आणि ओलसर. ती मला "दादा" म्हणाली. दादा म्हणजे तिचा भाऊ. तो वारून नऊ वर्षं झाली. मी कैलासला गाडी जोरात घ्यायला सांगितलं.

पौडच्या दवाखान्यात डॉक्टर गौतमींनी रक्तदाब दोनदा मोजला. "औषधं कोणती चालू आहेत?"

"कुठलंच नाही," मी लगेच सांगितलं.

सलाइन लावलं. साखरही उतरली होती, तीही शिरेतून दिली. तरी रक्तदाब वर येईना. डॉक्टरांनी इंदूचा दंड उजेडाकडे वळवला. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती आणि खाली निळे डाग होते. रोज बघूनही मी ते पाहिले नव्हते.

"काका, चेहरा पहिल्यापासून इतका गोल आहे? दम्यासाठी, गुडघ्यांसाठी काही घेत होत्या? चूर्ण, काढा, पुडी?"

कैलासने माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं होतं.

"पुडी," मी म्हणालो. "पण ते औषध नाही, झाडपाला आहे. दिवाळीपासून रोज घेत होती. आणि घट बसल्यापासून बंदच आहे."

"एकदम बंद?" त्या पुढचं ऐकायला थांबल्या नाहीत. नर्सकडून इंजेक्शन घेऊन त्यांनी ते सलाइनच्या सुईतून सोडलं. "हे स्टेरॉइड आहे. त्या पुडीतही हेच मिसळलेलं असणार."

"मग तेच पुन्हा देताय?"

"आत्ता दिलं नाही तर त्या जातील, काका."

मी यंत्रावरचा रक्तदाबाचा आकडा बघत उभा राहिलो. सत्तर. पुन्हा सत्तर. मग अडुसष्ट. कैलासने मला बाकावर बसवलं. बऱ्याच वेळाने चौऱ्याऐंशी झाला. शंभरच्या जवळ आला तेव्हा इंदूने डोळे उघडले.

"अवो, उपास मोडला का?"

"सलाइन हातातनं गेलंय काकू, तोंडातनं न्हाई," कैलास म्हणाला. "देवीला चालतंय."

दुपारी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. रोज घ्यायच्या, कमी करायच्या त्या फक्त डॉक्टरांनीच, हळूहळू, कित्येक महिने. ताप आला, उलटी झाली तर त्याच क्षणी दवाखान्यात यायचं. या औषधाने हाडं ठिसूळ होतात, ती तपासायला पुण्याला जायचं. हेच औषध दम्यात, सांध्यांच्या दुखण्यात माणसाला वाचवतं, पण मापाने आणि लक्ष ठेवून दिलं तर, असं त्या म्हणाल्या. त्या गेल्यावर इंदू तळहातावरच्या गोळीकडे विंचू बघावा तशी बघत राहिली.

"ह्यानंच पाडलं ना मला?"

"बंद केल्यानं पाडलं." डॉक्टरांनी समजावलेलं मी मुलांना सांगतो तसं सांगू लागलो. मूत्रपिंडांवर दोन छोट्या ग्रंथी असतात. शरीराला लागणारं हे औषध त्या रोज स्वतःच करतात. बाहेरून आयतं यायला लागलं तशा त्या झोपल्या. मग बाहेरचं थांबलं, आणि कामावर कुणीच नव्हतं. आता गोळी कमी कमी करत त्यांना उठवायचं.

"कवा उठत्यात?"

"काही महिन्यांनी. कधी वर्षानं."

"आन् न्हाईच उठल्या तर?"

मुलांनी काहीही विचारलं तरी माझ्याकडे उत्तर असायचं. नसलं तर उद्या सांगतो म्हणायचो आणि रात्री पुस्तकात शोधायचो. इथे तिचे डोळे माझ्यावर होते.

"मला माहीत नाही, इंदू. आणि पुडी मीच आणली होती."

"आणली तवा मीच नाचत हुते की खाचरात," ती म्हणाली. "पाणी द्या."

मी पेला भरून धरला. तिने गोळी जिभेवर ठेवली. ती घशाखाली उतरेपर्यंत मी तिच्या गळ्याकडे बघत राहिलो, आणि उतरल्यावरही.