वाणात दिलेला कॅमशाफ्ट

स्वप्नालीच्या लग्नानंतरचा पहिला अधिक महिना आला ते साल दोन हजार तेवीस. लग्न आदल्या डिसेंबरात झालं होतं. त्या जुलैत दिल्लीत यमुनेला पूर आला, मयूर विहारच्या बाजूला खादरातली, म्हणजे नदीकाठच्या सखल पट्ट्यातली माणसं गुरांसकट रस्त्यावर ताडपत्र्या बांधून राहिली. पूर ओसरतो न ओसरतो तोच आमच्या पालमच्या घरात धोंड्याच्या जेवणाची तयारी सुरू झाली. लेक-जावई म्हणजे या महिन्यात लक्ष्मी-नारायण. त्यांना पुरणाचे धोंडे वाढायचे, तेहतीस अनारसे वाणात द्यायचे, आणि जावयानं काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही.

आमचे हे, शहाजी जगताप, फौजेत हवालदार होते. सगळी नोकरी लष्कराच्या वर्कशॉपात इंजिनं खोलण्यात गेली. निवृत्तीनंतर गावी जायचं म्हणता म्हणता आम्ही पालमलाच राहिलो. जावई सुधन्वा जन्मापासून दिल्लीतला. शिकला मेकॅनिकल इंजिनिअरिंग, पण नोकरी नोएडात कॉम्प्युटरच्या कंपनीत. इंजिनांची हौस अंगात तशीच उरलेली, ती त्यानं एका जुन्या लाल स्पोर्ट्स कारवर काढली होती. गाडीला दारं दोनच. मागच्या सीटवर बसायचं तर पुढची सीट वाकवून आत शिरावं लागे. लग्नाच्या बोलण्यांच्या वेळी मोठी माणसं आत मानपान ठरवत होती आणि हे दोघं खाली बॉनेट उघडून उभे. चहा खालीच पाठवावा लागला. सासरे-जावयाचं तेव्हापासून जमलं ते जमलंच.

अधिक महिना लागल्यावर सुधन्वा आणि स्वप्नाली आमच्याकडे आले. तिला पाचवा महिना होता. मी विचारलं, “सुधन्वा, वाणाला चांदीचं ताट घेऊ की पेला?”

“आई, खरं सांगू? मला कॅमशाफ्ट पाहिजे.”

“ते काय असतं?”

स्वप्नाली म्हणाली, “आई, यांना जेवायला ताट नकोय. यांना गाडीच्या पोटात काहीतरी घालायचंय.”

ह्यांनी माझ्या हातातलं लाटणं घेतलं. कणकेचे छोटे गोळे करून लाटण्यावर ओळीनं चिकटवले आणि लाटणं फिरवून दाखवलं. “हा दांडा इंजिनाच्या डोक्यात फिरतो. हे फुगवटे आले की व्हॉल्व्ह उघडतात, गेले की मिटतात. फुगवटा मोठा केला की व्हॉल्व्ह जास्त उघडतो, जास्त वेळ उघडा राहतो. इंजिन जास्त श्वास घेतं.”

“म्हणजे गाडी जोरात पळते,” मी म्हटलं.

“वरच्या गतीला पळते. खाली मात्र धापा टाकते.”

सुधन्वानं मोबाइल पुढे केला. कोइंबतूरला कोणी कारागीर होते, ते असे दांडे घासून देत. दोन नमुने होते. एक थोड्या वाढीव फुगवट्याचा, दुसरा चांगलाच मोठा.

“बाबा, मला हा मोठा.”

“रोजच्या रस्त्याला लहान बरा, जावईबापू. सिग्नल ते सिग्नल जायचं तर ताकद खालून पाहिजे.”

“लहानच घालायचा तर मग आहे तोच काय वाईट आहे? बाबा, उभ्या गाडीचा आवाज ऐकलाय मोठ्या कॅमचा? ढोलकीसारखा. धडधड, धडधड.”

“सिग्नलला शेजारचे खिडक्या खाली करून बघतात,” स्वप्नाली म्हणाली. “मला तोंड लपवावं लागणार.”

“आणि ब्रेक?” ह्यांनी विचारलं.

सुधन्वा लगेच गंभीर झाला. “माहितीय मला. व्हॅक्यूम कमी पडणार.”

मला पुन्हा कळेना. ह्यांनी सांगितलं की इंजिन हवा आत ओढतं, आणि त्याच ओढीच्या मदतीनं ब्रेक हलका लागतो. मोठ्या कॅमचं इंजिन हळू चालताना नीट ओढत नाही. गर्दीत पाठोपाठ दोन-चारदा ब्रेक दाबला की साठलेली ओढ संपते, आणि मग पेडल दगडासारखं होतं. गाडी थांबते, पण सगळ्या अंगाचा भार टाकावा लागतो आणि फार पुढे जाऊन थांबते.

“त्याला वेगळी टाकी मिळते, बाबा. व्हॅक्यूम साठवणारी. सोबत छोटा पंप. मी मागवतोच आहे.”

“टाकी आधी, कॅम नंतर.”

“बिल्कुल. टाकी आधी. टेन्शन नका घेऊ यार—” आणि त्यानं जीभ चावली. “सॉरी बाबा.”

“सासऱ्याला यार म्हणतोय!” स्वप्नाली हसायला लागली. हेही हसले. हो म्हणाले.

रात्री मी विचारलं, “मनातून नव्हतं ना द्यायचं?”

“मागितलं ना त्यानं,” हे म्हणाले. “धोंड्याचा महिना आहे. आणि टाकी बसवणार आहे तो. शिकलेला माणूस आहे, त्याला सगळं कळतं.”

धोंड्याचं जेवण सहा ऑगस्टच्या रविवारी झालं. हवा दमट होती, पहिल्या घाण्यातले अनारसे तुपात हसले आणि जाळी होऊन कढईभर पसरले. नंतरचे जमले. पितळी ताटात अनारसे, वर दिवा, आणि शेजारी लाल फडक्यात बांधलेला तो लोखंडी दांडा. मी दोघांना कुंकू लावलं, ताट सुधन्वाच्या हातात दिलं. त्यानं वाकून नमस्कार केला आणि फडकं सोडून दांडा उजेडात धरला. हेही मान वाकवून बघायला लागले. दोघांनी फुगवट्यांवरून अंगठा फिरवून पाहिला. त्या वेळी दोघांची तोंडं सारखीच दिसत होती.

“टाकी?” ह्यांनी विचारलं.

“कुरियरमध्ये अडकलीय. आठवडाभरात येईल.”

“येऊ दे. घाई नाही.”

गुरुवारी फोन आला. सुधन्वाचा आवाज मला लांबूनही ऐकू येत होता.

“बाबा, बसवला! माझ्या मित्राच्या, मानसच्या गॅरेजमध्ये दोन दिवस लागलो होतो. ऐका, ऐका.” त्यानं फोन इंजिनाजवळ धरला असावा. धडधड, धडधड असा आवाज आला.

“अरे वा,” हे म्हणाले. “आणि टाकी आली?”

“येतेय, बाबा. एक-दोन दिवसांत. तोपर्यंत हळू चालवतो मी. रविवारी तुम्हाला दाखवायला घेऊन येतो, मग आमच्याकडे जेवायला जाऊ. माझ्या आई-बाबांनी बोलावलंय तुम्हाला.”

“बरं. या, या.”

फोन ठेवल्यावर हे खुर्चीत बसून राहिले. समोर ठेवलेल्या चहावर साय धरली.

“टाकी आधी म्हणाला होता ना तो?” मी विचारलं.

“हो.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलू? वाणात दिलेली वस्तू काढून ठेवा म्हणू? त्याचा आनंद ऐकलास ना तू.”

“मी सांगते त्याला.”

“नको. सासूनं जावयाला असं सांगायचं, तेही या महिन्यात, बरं दिसत नाही. रविवारी येऊ दे. काहीतरी निमित्त काढून गाडी इथंच ठेवून घेतो. टाकी आली की इथंच बसवू दोघं मिळून.”

शुक्रवारी आणि शनिवारी ते निमित्त शोधत होते. टायर बघतो म्हणावं, तेल गळतंय म्हणावं, पुन्हा स्वतःच म्हणत, तेल गळत नाही हे त्याला कळेल. शनिवारी दुपारी स्वप्नालीला फोन करून म्हणाले, “उद्या तू मेट्रोनं ये, पोरी. या दिवसांत गाडीत हादरे बसतात.” ती म्हणाली, “बाबा, मेट्रोत उभं राहावं लागतं. गाडी बरी.”

रविवारी साडेनऊच्या सुमारास गल्लीच्या तोंडापासून धडधड ऐकू आली. शेजारची पोरं धावली. गाडी दारात उभी राहिली आणि उभ्या उभ्याच थरथरत होती. सुधन्वा उतरला, ह्यांच्या पाया पडला.

“कसं वाटतंय, बाबा?”

“छान बसवलाय,” हे म्हणाले, आणि ते खरंच होतं. त्यांनी बॉनेटवर हात ठेवून आवाज ऐकला. “टायमिंग एकदम बरोबर आहे.” मग म्हणाले, “जावईबापू, आज गाडी इथंच राहू दे. मेट्रोनं जाऊ. पंधरा ऑगस्टची तालीम आहे, सगळे रस्ते अडवलेत.”

“वाण दाखवायला आलोय आणि तुम्हाला मेट्रोनं नेऊ? माझ्या आईनं तर कोपऱ्यावरच्या सगळ्यांना सांगून ठेवलंय की व्याही जावयाच्या गाडीतून येणार.”

“टाकी नाही ना अजून.”

“नाही. पण मी तीन दिवस चालवतोय, बाबा. अंतर ठेवून चालवलं की काही होत नाही. अगदी नकोच असेल तर...” सुधन्वाचं तोंड जरा उतरलं.

हे त्याच्याकडे बघत होते. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, पुन्हा ठेवला.

“नको कसं असेल,” ते म्हणाले. “चला.”

स्वप्नाली पुढचं दार उघडत होती. ह्यांनी तिचा दंड धरला. “तू मागे बस, सुधन्वाच्या मागे. मी पुढे बसतो. मला इंजिन ऐकायचंय.”

“पोट घेऊन मी त्या भोकातून आत शिरू?”

“शीर. आईचा हात धर.”

आम्ही दोघी मागे कशाबशा बसलो. ती उजवीकडे, सुधन्वाच्या मागे. मी ह्यांच्या मागे, मांडीवर तिच्या सासूसाठी घेतलेल्या अनारशांचा डबा.

धौला कुआंपर्यंत ठीक गेलं. पुढे रिंग रोडला गर्दी लागली. आतले रस्ते बंद, म्हणून सगळं शहर तिथंच लोटलेलं. दहा पावलं पुढे, ब्रेक. पुन्हा दहा पावलं, ब्रेक. हे रस्त्याकडे बघत नव्हते, सुधन्वाच्या उजव्या पायाकडे बघत होते. प्रत्येक ब्रेकला तो पाय आदल्यापेक्षा जरा जास्त ताठ होत होता. मला मागूनही त्याचा गुडघा वर येताना दिसत होता.

“कसं आहे पेडल?” ह्यांनी हळूच विचारलं.

“थोडं हार्ड.”

“जरा बाजूला घेऊन थांबू या का? इंजिन मोकळं होऊ दे.”

“मूलचंदचा चौक गेला की मोकळंच आहे, बाबा.”

“बरं.”

स्वप्नाली म्हणाली, “काय कुजबुजताय दोघं? आम्हालाही सांगा.” तिनं माझ्याकडे पाहिलं. मी डबा घट्ट धरला होता.

मूलचंदनंतर रस्ता खरंच मोकळा झाला. आश्रमच्या पुलावर चढताना इंजिनाचा आवाज बदलला. धडधड संपून एकसारखा सूर लागला आणि गाडी सरकन वर गेली. सुधन्वानं ह्यांच्याकडे पाहिलं आणि हसला. हेही हसले. त्यांना तो सूर आवडला होता, खोटं कशाला सांगू.

पुलाचा उतार लागला तेव्हा खाली गाड्यांची रांग थांबलेली दिसली. पुढे कुठंतरी पोलिसांनी रस्ता अडवला होता. सुधन्वानं अंतर ठेवलं होतं. त्यानं ब्रेक दाबला, गाडी थोडी मंदावली. मधे एक रिक्षा घुसली, त्यानं पुन्हा दाबला. रिक्षा निघून गेली. तिसऱ्यांदा दाबला तेव्हा त्याचं सगळं अंग सीटवरून वर उठलं.

“बाबा, लागत नाहीये.”

“गिअर खाली टाका.”

त्यानं टाकला. इंजिन ओरडलं. हँडब्रेक ह्यांनीच ओढला, गाडीचं बूड हललं. वेग उतरत होता, पण रांग जवळ येत होती. रांगेच्या शेवटी एक स्कूटर होती. नवरा, बायको, आणि दोघांच्या मधे पिवळ्या फ्रॉकातली मुलगी. ती मागे वळून आमच्याकडेच बघत होती. उजवीकडे बस उभी होती. डावीकडे पुलाचा काँक्रीटचा कठडा.

सुधन्वाचे हात स्टिअरिंगवर गोठले होते. कठड्याकडे वळायचं म्हणजे ह्यांच्या बाजूनं आदळायचं, हे त्याला दिसत होतं.

“डावीकडे घ्या, जावईबापू,” हे म्हणाले. आवाज चढवला नाही. तो वळवेना तेव्हा त्यांनी एक हात पुढे करून स्टिअरिंग धरलं आणि स्वतःकडे ओढलं.

स्कूटरला धक्का लागला नाही. स्वप्नालीच्या कपाळाला खोक पडली, बाळाला काही झालं नाही. माझा डावा हात खांद्यापासून मोडला. सुधन्वाला काचा लागल्या. ह्यांना बाहेर काढायला दार कापावं लागलं. शुद्ध होती. त्यांनी स्वप्नालीला विचारलं, “हलतंय का?” ती हो म्हणाली.

हॉस्पिटलात रात्री सुधन्वा माझ्या पायाशी फरशीवर बसला होता. डोक्याला पट्टी होती.

“आई, मी टाकीसाठी थांबणार होतो,” तो म्हणाला. “बिल्कुल थांबणार होतो. पण महिना संपत आला होता. मला वाटलं, बाबांनी इतक्या हौसेनं दिलेलं वाण महिन्याच्या आत वापरलं नाही तर त्यांना वाईट वाटेल. आज दारात ते एकदा जरी नको म्हणाले असते ना, तर मला बरंच वाटलं असतं.”

मी त्याच्या डोक्यावर उजवा हात ठेवला. ह्यांनी शोधलेली निमित्तं मी त्याला सांगितली नाहीत, आणि पुढेही सांगणार नाही. मुलगा झाला, तो आता चालायला लागलाय. गाडी सुधन्वानं भंगारात दिली, कॅमसकट.

माझे पती, हवालदार शहाजी बाबूराव जगताप, चौदा ऑगस्ट दोन हजार तेवीस, सोमवारी सकाळी वारले.