वातारूची खळ

कडाक्याची थंडी पडली की गेन्झो सेन्सेई कामाच्या खोलीतल्या जमिनीच्या फळ्या उचलायचे. खाली अंधारात खळीचे रांजण बसलेले, तोंडाला कागद बांधून, घरातल्या वडीलधाऱ्यांसारखे गप्प. गव्हाच्या सत्त्वाची खळ शिजवायची, रांजणात भरायची, वर पाणी ठेवायचं आणि दहा वर्षं मुरू द्यायची. पण दर हिवाळ्यात तिची विचारपूस करायची: पाणी उपसायचं, बुरशी खरवडायची, नवं पाणी घालायचं. चित्राच्या पाठीला कागदाचं दुसरं अस्तर लागतं ते या म्हाताऱ्या खळीनं. जो शिजवतो त्याला ती वापरायला मिळतेच असं नाही.

चित्रकार केतेवान जॉर्जियाहून क्योतोला आली ती चित्रं मढवायला शिकायला, आणि सेन्सेईंच्या, म्हणजे गुरुजींच्या, घरचीच झाली. पहिल्या हिवाळ्यात तिनं सगळ्या रांजणांचं पाणी बदललं, एक सोडून. कोपऱ्यातल्या त्या रांजणाला निळी दोरी होती.

"तो राहू दे," सेन्सेई म्हणाले होते. "तो वातारूचा."

वातारू म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. ऐन थंडीत त्यानं ती खळ घोटली, आणि चेरी फुलायच्या आत तापानं गेला. केतेवानला वाटलं, त्या रांजणाचं पाणी सेन्सेई स्वतःच बदलत असतील. बापाचं काम बापानं करावं.

आता हा दुसरा हिवाळा. मार्चमध्ये वातारूचं तेराव्या वर्षाचं श्राद्ध होतं. त्या दिवशी देव्हाऱ्याशेजारी त्यानंच काढलेलं चित्र टांगायचं, त्याच्याच खळीनं मढवून, एवढी एकच इच्छा सेन्सेईंनी धरली होती. चित्रात कामो नदीतला बगळा होता, एका पायावर उभा.

"दुसरा पाय काढायचा कंटाळा केला मेल्यानं," फुमिएसान चहा ठेवता ठेवता म्हणाल्या. त्या वातारूच्या आई.

"बगळा असाच उभा राहतो," सेन्सेई म्हणाले.

"तुम्ही कायम त्याचीच बाजू घ्या."

पहिलं अस्तर ताज्या खळीनं लागलं, फळीवर वाळलं. दुसऱ्याची वेळ आली. सेन्सेईंनी निळी दोरी सोडली, कागद फाडला आणि आत हात घातला. हात लगेच थांबला. केतेवान वाकली. आत पाणी नव्हतं. भेगाळलेल्या तळ्यासारखी खळ तळाशी चिकटली होती, वर काळी बुरशी, तीही सुकलेली.

"सेन्सेई, पाणी कधी बदललं होतं?"

फुमिएसान दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी रांजणात डोकावलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"एकदाही उघडला नाहीत."

"शेवटचं पाणी त्यानं घातलं होतं," सेन्सेई म्हणाले. "ते कसं ओतून देऊ?"

"पाणी काय राहतं का कुणासाठी?" फुमिएसानचा आवाज चढला नाही. "जपून जपून घालवलंत. मला म्हणाला असतात, मी बदललं असतं. बारा हिवाळे मी या फळ्यांवरून केर काढत होते." एवढं बोलून त्या बाहीत काही लपवल्यासारख्या मुठी आवळून आत गेल्या. आत तांदूळ धुतल्याचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला.

सेन्सेईंनी फाटका कागद रांजणावर परत ठेवला. मग म्हणाले, "ताजी शिजव. दाट."

केतेवानला वाटलं, त्यांची जीभ चुकली. "दुसऱ्या अस्तराला?"

"हो. पक्कं बसू दे. परत कुणी सोडवायला नको."

"तुम्हीच मला शिकवलंत. शंभर वर्षांनी अस्तर थकतं, तेव्हा कुणीतरी ते भिजवून सोडवतं आणि नवं लावतं. ताज्या खळीनं घट्ट बसलं तर सोडवताना बगळा फाटेल, सेन्सेई."

"मी नसेन बघायला."

"कुणीतरी असेल."

"कोण?" सेन्सेईंनी विचारलं. रागानं नाही. खरंच उत्तर हवं असल्यासारखं.

एप्रिलात केतेवानला परत जायचं होतं. या घरात फळ्या उचलणारं दुसरं कुणी नव्हतं. ती उठली, शेजारच्या रांजणातली सेन्सेईंच्या हातची जुनी खळ काढली, चाळणीतून गाळली आणि पाणी घालून ताकासारखी पातळ केली. त्यांनी पाहिलं, अडवलं नाही. तिनं पातळ कागदाला खळ लावली, तो बगळ्याच्या चित्राच्या पाठीवर अलगद टाकला आणि जड कुंचल्यानं ठोकायला सुरुवात केली. एवढ्या मवाळ खळीला ठोकल्याशिवाय धरता येत नाही.

सेन्सेई निळ्या दोरीचा रांजण कवेत घेऊन अंगणात गेले. थोड्या वेळानं तिकडून खरवडल्याचा आवाज येऊ लागला. आत कुंचला धपधप, बाहेर पोलादी पातं खरखर. दोन्ही आवाज एकमेकांची वाट पाहत चालले होते, जात्यावर बसलेल्या दोघींसारखे, फक्त गाणं कुणी म्हणत नव्हतं.

फुमिएसान अंगणाच्या पायरीशी आल्या. केतेवानला त्यांची पाठ दिसत होती.

"झाला का रिकामा?"

"झाला."

"मग नव्या खळीचं सत्त्व भिजत घालू? थंडी अजून आहे."

सेन्सेईंनी रांजण उपडा केला. त्यातून पाणी ओघळलं आणि दगडाच्या फटीत गेलं. त्यांनी तो पुन्हा भरला, पुन्हा विसळला. फुमिएसान उत्तरासाठी उभ्याच होत्या. स्वच्छ झालेला रांजण सेन्सेई परत परत धूत होते.