उजव्या पोटरीतली लाट

मास्तर पालथे झोपले होते आणि त्यांची बायको पायाशी स्टुलावर बसून माझ्या मशीनकडे संशयाने बघत होती.

“शॉक म्हणजे केवढा?” तिने विचारलं.

“टिचकी मारल्यासारखं वाटेल, काकू. पाय आपोआप उडेल.”

“उडेल का? बरंय. घरी उठा म्हटलं तर नाही उडत.”

“अगं, इथं तरी गप्प बस,” मास्तर उशीत तोंड खुपसून म्हणाले.

मास्तर म्हणजे शिंपी. तीस वर्षं पायाने शिलाई मशीन चालवलेला माणूस. चार महिन्यांपासून उजव्या कुल्ल्यातून टाचेपर्यंत कळ जायची. मणक्यातली गादी थोडी सरकली आहे हे एमआरआयमध्ये दिसत होतं, पण ती नसेला किती दाबते आहे ते कळत नव्हतं. म्हणून सर्जननी त्यांना आमच्याकडे पाठवलं होतं. उजव्या पोटरीचा रिफ्लेक्स आला नाही तर ऑपरेशन. आला, तर थांबून बघायचं. मास्तरांना ऑपरेशनची धास्ती होती. पावलातला जोर गेला तर पायडल कसं मारू, हे त्यांनी मला झोपायच्या आधीच दोनदा विचारलं होतं.

तपासणी तशी साधी आहे. गुडघ्यामागच्या खळगीत नसेला विजेचा ठोका दिला की तो खाली पोटरीत जातो आणि पाच-सहा मिलिसेकंदांत पडद्यावर एक लाट उठते. तोच ठोका वर मज्जारज्जूपर्यंतही जातो आणि तिथून फिरून पोटरीत येतो. त्याची लाट साधारण तिसाव्या मिलिसेकंदाला दिसते. हाच तो रिफ्लेक्स; आम्ही तिला परतीची लाट म्हणतो. ती आली म्हणजे मणक्यातून जाणारी वाट चालू आहे. तिच्यासाठी करंट हलका ठेवायचा, पण प्रत्येक ठोका लांब, पूर्ण एक मिलिसेकंदाचा. करंट जास्त वाढवला तर ती उलट विरून जाते.

डाव्या पायात ती लगेच मिळाली. उजव्या पायाला पहिला ठोका दिला आणि मास्तरांनी कॉटची कड इतकी घट्ट धरली की बोटांची पेरं पांढरी पडली.

“चालू द्या, ताई. चालू द्या.” पण आवाज पार बारीक झाला होता. काकूंची थट्टा थांबली. त्यांनी नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला.

मी ठोक्याची लांबी एक दशांश मिलिसेकंदावर आणली. छोटा ठोका कमी बोचतो. दोन-तीन ठोक्यांत सवय झाली की पुन्हा वाढवू, असं मनात होतं. त्यांनी कड सोडली, श्वास सोडला, आणि मला इतकं हायसं वाटलं की लांबी परत वाढवायची राहूनच गेली. बारा ठोके दिले, करंट हळूहळू वाढवला. पहिली लाट छान येत होती. परतीची एकदाही आली नाही. मी लिहिलं, ‘उजवीकडे रिफ्लेक्स अनुपस्थित’. आमच्या विभागप्रमुख मॅडमनी सही केली. गुरुवारी सकाळचं ऑपरेशन ठरलं.

बुधवारी दुपारी मी माझ्या वहीत त्या केसचे आलेख चिकटवत होते. मला ती सवय आहे. डाव्या पायाच्या आलेखाच्या कोपऱ्यात ठोक्याची लांबी 1.0 छापली होती. उजव्या पायाच्या, 0.1. इतक्या छोट्या ठोक्याने परतीची लाट बहुतेक उठतच नाही. मी नसेला नीट विचारलंच नव्हतं, आणि उत्तर आलं नाही म्हणून लिहून मोकळी झाले होते.

वही तशीच घेऊन मी मॅडमकडे गेले. त्यांनी दोन्ही आकड्यांवर बोट ठेवलं.

“सही माझी आहे,” मग त्या म्हणाल्या. “मी कोपरा बघायला हवा होता. सर्जनना मी फोन करते. मास्तरांना तू सांग.”

“आत्ता?”

“मग काय, टाके घातल्यावर?”

मास्तर वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात ॲडमिट झाले होते. हॉस्पिटलच्या गाऊनची शिवण उलटी करून काकूंना दाखवत होते. “हे बघ, दोऱ्याला ताणच नाही. दोन धुण्यांत उसवेल.”

“मास्तर, माझ्याकडून चूक झाली,” मी म्हणाले आणि सगळं सांगितलं. ठोका, लांबी, दोन आकडे.

काकू उठून उभ्या राहिल्या. “म्हणजे तुमच्या चुकीपायी ह्यांची पाठ फाडणार होते?”

“हो,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

“हो म्हणते! तोंड वर करून हो म्हणते!”

“थांब गं,” मास्तर म्हणाले. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “लांबी कमी का केलीत?”

“तुम्हाला दुखत होतं.”

त्यांनी गाऊन सरळ केला. “माझ्याकडे माप द्यायला येतात ना, त्यांतल्या काहींना गुदगुल्या होतात. म्हणून मी टेप सैल धरला तर शर्ट कुणाला होईल?”

“पुन्हा करू या,” मी म्हणाले. “या वेळी दुखेल, आणि मी लांबी कमी करणार नाही. पण तुम्ही थांब म्हणालात तर थांबेन.”

“ह्यांना विचारू नका,” काकू अजून रागातच होत्या. “हे नाही म्हणायचे नाहीत कुणाला. मी सांगीन थांबायचं तेव्हा.”

खाली तपासणीच्या खोलीत या वेळी मॅडम माझ्या मागे उभ्या राहिल्या. मी लांबी एक मिलिसेकंद केली, आकडा मोठ्याने वाचला आणि मास्तरांना पाय सैल सोडायला सांगितलं. प्रत्येक ठोक्यानंतर दहा सेकंद थांबत होते. पहिला, काही नाही. दुसरा, काही नाही. मास्तरांनी काकूंचा हात धरला होता. तिसरा. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, पण थांब म्हणाल्या नाहीत.

चौथ्या ठोक्याला काकूच आधी बोलल्या. “ते छोटं टेकाड कसलं?”

“आली का?” मास्तरांनी उशीतून विचारलं.

“आणखी पाच वेळा घे,” मॅडम म्हणाल्या. पाचही वेळा आली. डावीकडे साडेतीस मिलिसेकंद, उजवीकडे तेहतीस. उंची कमी, पण दर वेळी तिथंच.

“आली, मास्तर. उशिरा येते, पण येते.”

त्यांनी उशीतून तोंड वर काढलं. “म्हणजे लोक आता म्हणणार, मी ढोंग करत होतो.”

“नाही. ती उशिरा येते म्हणजे नस दबलेली आहे. वाट बंद झालेली नाही, एवढंच. आणि दुखतं किती, ते या पडद्यावर मुळात दिसतच नाही.”

“ते मला विचारा,” काकू म्हणाल्या. “हे झोपेत कण्हतात. झोपेत कोण ढोंग करतं?”

सर्जन खाली आले. दोन्ही आलेख शेजारी ठेवून पाहिले, मास्तरांना उजव्या पायाच्या चवड्यावर दहा वेळा उभं केलं आणि जोर टिकून आहे म्हणाले. ऑपरेशन रद्द. सहा आठवडे औषधं आणि व्यायाम, मग पुन्हा तपासणी. मध्येच जोर कमी वाटला तर लगेच यायचं. दुखण्यासाठी कंबरेवर करंटच्या पट्ट्या, आजपासूनच.

“पुन्हा करंट?” काकूंनी कपाळाला हात लावला.

शेजारच्या खोलीत फिजिओथेरपिस्टने मास्तरांच्या कंबरेला चार पट्ट्या चिकटवल्या आणि छोटं यंत्र त्यांच्याच हातात दिलं. “नुसत्या मुंग्या आल्यासारखं वाटलं पाहिजे. दुखायला लागलं तर जास्त झालं. किती ठेवायचं ते तुम्ही ठरवायचं.”

मास्तरांनी दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. “या ताई नाही ना फिरवणार बटण?”

“हातही लावणार नाही,” मी म्हणाले.

त्यांनी बटण दोनवर नेलं, मग तीनवर. तीनवर कान देऊन थांबले. थोडं पुढे नेलं, लगेच मागे घेतलं. अंगठा बारीक बारीक सरकत होता.

“गेली का कळ?” काकूंनी विचारलं.

“गेली नाही गं. पण जरा लांब जाऊन बसलीये.”

“बसू दे तिथंच,” काकू म्हणाल्या आणि वॉर्डातून आणलेल्या पिशवीतून मास्तरांचे घरी जायचे कपडे काढू लागल्या.