त्या किंकाळीसाठी भरलेला हॉल

चाळीस वर्षांपूर्वीचा तो डाकूपट दाखवण्याआधी मी चार शब्द बोलावेत, असं राजवर्धनच्या फिल्म क्लबनं ठरवलं होतं. मी निवृत्त ग्रंथपाल. सिनेमावरची पुस्तकं वाचली आहेत, एवढीच माझी पात्रता. बोललो ते माझं मलाच धड ऐकू आलं नाही. मी आटपावं म्हणून पोरांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या रांगेत जयसिंगपूरहून एसटीनं आलेल्या बनाबाई होत्या. चित्रपटात डाकू नदीकाठी जिची अब्रू घेतात, ती मुलगी म्हणजे त्या. शाल-नारळ देऊन त्यांचा सत्कार झाला होता. मी शेजारी येऊन बसलो, तेव्हा त्या राजवर्धनला सांगत होत्या,

"बाळा, तेवढा नदीवरचा सीन गाळ. पातळ वढणार म्हणून मला कुणी सांगितलंच न्हवतं. ते वरडणं खरं हाय."

"काय सांगताय काकू! हॉल त्याच सीनसाठी भरलाय की!" तो माझ्याकडे वळला. "सर, हे भाषणात बोलायचं न्हाय व्हय? पब्लिक पेटलं असतं!"

माझं डोकं तापलं. असले चित्रपट का टिकतात, याची कारणं मी पुस्तकांत वाचली होती. निर्मात्याचा बेदरकारपणा, प्रेक्षकांचा दंगा, असलं काहीबाही. खरं कारण माझ्या शेजारी शाल पांघरून बसलं होतं. हॉलमधले दिवे मालवले, चित्रपट सुरू झाला.

पोरं प्रत्येक संवाद नटाच्या आधी म्हणत होती. नदी दिसली तशा शिट्ट्या सुरू झाल्या, मोबाइल वर झाले.

मी उठलो आणि पडद्यासमोर जाऊन उभा राहिलो. नुसते हात पसरले. नदी माझ्या सदऱ्यावरून वाहू लागली.

"ए आज्या, बस की खाली!"

"तिकीट काढून आलोय, फुकट न्हाय!"

माझी सावली ती केवढी! दोन्ही बाजूंनी सगळं दिसतच होतं. आणि किंकाळी तर अडवताच येत नव्हती. ती घुमली, आणि पोरं तिची नक्कल करत किंचाळली, हसली.

बनाबाई शाल खुर्चीवर टाकून माझ्या शेजारी आल्या.

"तिच्याकडं काय बगताय रं? मी हितं हाय. वरडा की आता!"

कुणी ओरडलं नाही. आमच्या पाठीमागे ती मुलगी ओरडतच होती.

"राजवर्धन, बंद कर ते!" मी ओरडलो. या वेळी माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

राजवर्धननं मोबाइल आम्हां दोघांवर धरला होता.

"काकू," तो म्हणाला, "तेवढं परत एकदा म्हणा की."